रक्ताची गुठळी राखणारे औषध

शाळेच्या पटांगणावर खेळताना ज्याचा गुडघा एकदाही फुटला नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. रक्त येते, मुलगा क्षणभर कळवळतो, कोणी पाण्याने जखम धुते, आणि पाचसात मिनिटांत रक्त आपोआप थांबते. दुसऱ्या दिवशी तेथे तांबूसकाळी खपली दिसते. आठदहा दिवसांनी तीही गळून जाते. गोष्ट इतकी नित्याची आहे की तिचे नवल कोणास वाटत नाही. परंतु थोडा विचार करावा. जे रक्त रात्रंदिवस नळ्यांतून पाण्यासारखे वाहत असते, तेच नळी फुटताच त्या ठिकाणी घट्ट होते. आणि घट्ट झालेली ही गुठळी काम संपल्यावर पुन्हा विरघळून नाहीशी होते. ह्या दोन क्रियांपैकी पहिलीविषयी शालेय पुस्तकांत थोडेफार लिहिलेले असते. दुसरीविषयी सहसा कोणी बोलत नाही. ह्या लेखात आम्ही ह्या दुसऱ्या क्रियेची, म्हणजे गुठळी विरघळण्याची, आणि ती काही काळ आवरून धरणाऱ्या एका औषधाची हकीकत सांगणार आहोत. औषधाचे नाव ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड असे आहे. नाव उच्चारावयास अवघड आहे खरे. पण ज्या घरात बाळंतपण व्हावयाचे आहे, अथवा ज्या घरातील मुलगा दुचाकी वाहनावरून कामास जातो, त्या घराने ते एकदा ऐकून ठेवावे असे आम्हांस वाटते.

प्रथम गुठळी कशी होते ते पाहू. रक्तवाहिनी फुटली म्हणजे रक्तातील अतिसूक्ष्म चकत्या, ज्यांस प्लेटलेट म्हणतात व ज्यांचे नाव डेंग्यूच्या तापामुळे आता घरोघरी ठाऊक झाले आहे, त्या भोकाशी येऊन चिकटतात. हा झाला तात्पुरता बोळा. तो पक्का करण्यासाठी रक्तात विरघळून असलेल्या फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाचे फायब्रिन नावाच्या धाग्यांत रूपांतर होते. हे रूपांतर थ्रॉम्बिन नावाचे द्रव्य घडवून आणते. धाग्यांचे जाळे विणले जाते, त्यात तांबड्या पेशी अडकतात, आणि भोक बुजते. खपली म्हणून आपण जी पाहतो ती ह्या जाळ्याचीच वाळलेली स्थिती होय.

आता येथे कोणी विचारील की, जाळे एकदा विणले गेल्यावर ते राहू द्यावे, विरघळविण्याची घाई शरीरास कशासाठी? उत्तर सोपे आहे. गुठळी जेथे हवी तेथे ती रक्षक, आणि जेथे नको तेथे ती घातक. हीच गुठळी हृदयाच्या रक्तवाहिनीत झाली तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूच्या वाहिनीत अडकली तर पक्षाघात होतो. म्हणून शरीराने जाळे विणणाऱ्याबरोबर जाळे कातरणाराही बाळगला आहे. त्याचे नाव प्लाझ्मिन. एरवी हा प्लाझ्मिनोजेन ह्या निद्रिस्त रूपात रक्तात हिंडत असतो. फायब्रिनच्या धाग्यास जाऊन बिलगला म्हणजे तो जागा होतो, आणि धागे कातरू लागतो.

ज्या विद्यार्थ्यांनी कोकणातील भातशेती पाहिली आहे त्यांस ही गोष्ट एका दृष्टान्ताने चटकन समजेल. खाचरात पाणी राहावे म्हणून शेतकरी मातीचा बांध घालतो. पण पावसाळ्यात खेकडे बांधास भोके पाडतात, आणि रात्रीतून खाचर रिकामे होते. फायब्रिनचे जाळे हा बांध, आणि प्लाझ्मिन हा खेकडा. दृष्टान्त सर्वांशी जुळत नाही, कारण शरीरातील हा खेकडा शत्रू नव्हे. तो घरचाच आहे आणि बहुधा वेळेवरच येतो. परंतु कधी कधी तो फार लौकर येतो. मोठा अपघात झाला, शरीरास जबर धक्का बसला, अथवा बाळंतपणात गर्भाशयातून वार सुटली, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरातून प्लाझ्मिनोजेनास जागे करणारे द्रव्य एकाएकी पुष्कळ सुटते. बांध पुरता घातला गेला नाही तोच खेकडे त्यावर तुटून पडतात. एका बाजूने गुठळी होते, दुसऱ्या बाजूने ती विरघळते, आणि रक्त वाहतच राहते.

ओढ्यावर खेकडे धरणारी मुले एक युक्ती करितात. खेकड्यापुढे काडी धरितात. तो आपल्या नांग्यांनी ती घट्ट पकडतो, आणि नांग्या गुंतल्यामुळे मग त्यास दुसरे काही धरिता येत नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचे काम नेमके ह्या काडीचे आहे. प्लाझ्मिनोजेनाच्या अंगावर धाग्यास पकडण्याच्या काही जागा असतात. फायब्रिनच्या धाग्यात लायसिन नावाचे जे घटक असतात त्यांस ह्या जागा पकडतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची घडण लायसिनशी इतकी मिळतीजुळती आहे की प्लाझ्मिनोजेन फसतो, त्यालाच धरून बसतो, आणि फायब्रिनच्या धाग्यास बिलगू शकत नाही. ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. हे औषध रक्त गोठवीत नाही. शरीराने स्वतः घातलेला बांध ते काही तास राखते, इतकेच. पुढे जे जे सांगावयाचे आहे, औषधाचा गुण, त्याची मर्यादा आणि त्याची घाई, ते सर्व ह्या एका गोष्टीतून निघते.

हे औषध शोधून काढणाऱ्या जोडप्याची कथा आमच्या विद्यार्थिनींनी विशेष लक्ष देऊन वाचावी. उताको ओकामोतो ह्यांचा जन्म १९१८ साली जपानात झाला. १९४१ च्या डिसेंबरात, म्हणजे जपान महायुद्धात उतरला त्याच महिन्यात, त्या टोकियोच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. युद्ध संपले तेव्हा देश उद्ध्वस्त झाला होता. प्रयोगशाळेत साहित्य नाही, द्रव्य नाही. त्या व त्यांचे पती शोसुके ओकामोतो ह्यांनी संशोधनासाठी रक्त हा विषय निवडला, त्याचे एक कारण असे की, इतर काही न मिळाले तर स्वतःचे रक्त काढून प्रयोग करिता येईल! दारिद्र्यातून इतका व्यवहारी मार्ग काढणारे संशोधक आमच्या वाचनात फार थोडे आले आहेत.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने त्या काळी जपानात पुष्कळ स्त्रिया दगावत, आणि त्यांच्यासाठी काही करावे अशी ह्या जोडप्याची उत्कट इच्छा होती. प्लाझ्मिनास अडविणारे द्रव्य शोधावे म्हणून त्यांनी एकामागून एक कित्येक रसायने तपासली. लायसिन, जे आपल्या डाळींत भरपूर असते, ते थोडेसे काम करिते असे दिसले, पण थोडेसेच. मग लायसिनसारखीच घडण असलेले एप्सिलॉन-अमिनोकॅप्रोइक ॲसिड हाती आले. ते औषध म्हणून उपयोगी पडले, तथापि मात्रा फार मोठी लागे. त्याहून प्रभावी द्रव्याचा शोध चालूच राहिला, आणि शेवटी जे सापडले त्याचा निबंध १९६२ साली केइओ विद्यापीठाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवे द्रव्य जुन्याच्या २७ पट प्रभावी होते. रसायनशास्त्र शिकणाऱ्या वरच्या वर्गांतील मुलांस सांगावयास हरकत नाही की, ह्या द्रव्याच्या रेणूची दोन रूपे होतात. एकात दोन टोके कड्याच्या एकाच अंगास, तर दुसऱ्यात विरुद्ध अंगांस असतात. विरुद्ध अंगांच्या रूपास ट्रान्स म्हणतात, आणि गुण आहे तो ह्या ट्रान्स रूपातच. औषधाच्या नावातील पहिली अक्षरे तेथूनच आली.

उताकोबाईंस ही वाट सरळ मिळाली नाही. लहान मुलीस सांभाळण्यास दुसरे कोणी नसल्यामुळे तिला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करीत. एका परिषदेत आपले संशोधन मांडावयास त्या उभ्या राहिल्या, तेव्हा जमलेल्या पुरुषांपैकी काहींनी, ह्या बाई आता नाचून दाखविणार काय, अशी थट्टा केली. त्यांनी नाचून दाखविले नाही. निबंध वाचून दाखविला. त्यांचा निबंध आज जगभर आधारास घेतला जातो. १९६६ साली त्या कोबे येथील विद्यापीठात प्राध्यापक झाल्या, आणि १९९० साली निवृत्त झाल्या. परंतु ज्या कामासाठी सर्व खटाटोप केला ते काम, म्हणजे बाळंतिणीचा रक्तस्राव थांबविण्यासाठी औषधाची रीतसर पारख, कोबे येथील डॉक्टरांकडून त्यांस करवून घेता आली नाही.

त्यामुळे पुढील कित्येक वर्षे हे औषध दात काढणे, मासिक पाळीचा अतिस्राव आणि काही शस्त्रक्रिया ह्यांपुरतेच राहिले. दाताच्या बाबतीत त्याचा उपयोग मोठा सुरेख आहे. हिमोफिलिया नावाचा आनुवंशिक विकार असलेल्या मुलांचे रक्त नीट गोठत नाही. त्यात तोंडातील लाळेमध्ये प्लाझ्मिनोजेनास जागे करणारी द्रव्ये असतात, म्हणून दात काढलेल्या खाचेतील नाजूक गुठळी लाळेने विरघळून रक्त पुन्हा सुरू होते. अशा मुलास ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या पाण्याने चुळा भरावयास देतात, म्हणजे गुठळी टिकते. कमी पडणारे रक्तघटक बाहेरून द्यावयाचे ते द्यावे लागतातच.

मोठी पारख झाली ती एकविसाव्या शतकात. लंडनच्या स्वच्छता व उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेतील इयान रॉबर्ट्स आणि हलीमा शकूर ह्यांनी ४० देशांतील २७४ रुग्णालये एकत्र जोडली. त्यांत भारतातील रुग्णालयेही होती. अपघाताने अथवा घावाने रक्तस्राव होणारे २०,२११ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे, कोणाचीही निवड न करिता, निम्म्यांस हे औषध व निम्म्यांस नुसते क्षारपाणी शिरेतून दिले; कोणास काय दिले हे रुग्णासही ठाऊक नाही व डॉक्टरासही नाही. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाला. क्षारपाणी मिळालेल्यांपैकी शेकडा १६ दगावले, औषध मिळालेल्यांपैकी शेकडा साडेचौदा. वाचक म्हणतील, फरक दीडच टक्क्याचा! आम्ही त्यांस सांगू की, हजार जखमींमागे पंधरा माणसे अधिक घरी गेली. आणि औषध स्वस्त आहे, त्यास कोणतेही मोठे यंत्र लागत नाही, आणि जिल्ह्याच्या साध्या दवाखान्यातही ते ठेविता येते. पुढच्याच वर्षी, २०११ साली, जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत अपघातातील रक्तस्रावासाठी त्याचा समावेश केला.

परंतु त्या निकालाच्या आत आणखी एक निकाल होता, आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा आहे. ज्यांस दुखापतीपासून एका तासाच्या आत औषध मिळाले त्यांच्यात रक्तस्रावाने होणारे मृत्यू शेकडा ७.७ वरून ५.३ वर आले. एक ते तीन तासांत मिळाले त्यांच्यात ६.१ वरून ४.८ वर. आणि तीन तासांनंतर ज्यांस दिले त्यांच्यात रक्तस्रावाचे मृत्यू कमी तर झालेच नाहीत, उलट ३.१ चे ४.४ झाले. एकच औषध, तीच मात्रा. पहिल्या तासात तारक आणि चौथ्या तासात अपायाचा संभव. असे का व्हावे? खेकड्यांचा सुळसुळाट आरंभीच्या काही तासांतच असतो. पुढे शरीर स्वतःच प्लाझ्मिनास आवरणारी द्रव्ये वाढविते, आणि मग भलत्या ठिकाणी गुठळ्या होण्याचा धोका सुरू होतो. अशा वेळी आणखी एक आवरणारा आत घालून लाभ नाही. पुढे २०१८ साली ४० हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून असा हिशेब मांडण्यात आला की, पहिल्या तीन तासांत प्रत्येक पंधरा मिनिटांच्या विलंबाने औषधाचा लाभ सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. गाडी मिळविण्यात, मामास विचारण्यात, कोणत्या दवाखान्यात न्यावे ह्याचा खल करण्यात जी पंधरा मिनिटे जातात त्यांची ही किंमत आहे.

उताकोबाईंची मूळ इच्छा अजून अपुरीच होती. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव म्हणजे काय ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ह्या विषयाची घरात चर्चा होत नाही म्हणूनच ते सांगितले पाहिजे. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटास अर्ध्या लिटरहून अधिक रक्त फिरत असते. मूल जन्मल्यावर वार सुटते, तेव्हा तेथील वाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. गर्भाशय आवळून आल्याने ती मिटतात. न आवळले अथवा कोठे फाटले तर रक्त धारेने वाहते. सबंध शरीरातील रक्त ते पाच लिटरांच्या आसपास. हिशेब कोणीही करावा. जगात दरवर्षी सुमारे ७० हजार स्त्रिया ह्या एका कारणाने मरण पावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक गरीब देशांतल्या असतात. एकेका मृत्यूमागे एक तान्हे मूल पोरके होते.

ह्या स्त्रियांसाठी दुसरी मोठी पारख हाती घेण्यात आली. २१ देशांतील १९३ रुग्णालयांत २०,०६० बाळंतिणींवर ती झाली, आणि २०१७ साली निकाल छापून आला. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने ८९ मृत्यू झाले. क्षारपाणी मिळालेल्यांत १२७. गर्भाशय काढून टाकण्याची पाळी मात्र औषधाने कमी झाली नाही, कारण तो निर्णय पुष्कळदा औषधाचा गुण येण्यापूर्वीच घ्यावा लागतो. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सूचना काढली: रक्तस्राव सुरू झाल्यावर होईल तितक्या लौकर, व प्रसूतीपासून तीन तासांच्या आत, एक ग्रॅम औषध शिरेतून सावकाश द्यावे, अर्ध्या तासाने रक्त चालूच असेल, किंवा चोवीस तासांत पुन्हा सुरू झाले, तर आणखी एक ग्रॅम. गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन इत्यादी उपचार त्याबरोबर चालू ठेवावयाचेच. उताको ओकामोतो २०१६ च्या एप्रिलात, वयाच्या ९८ व्या वर्षी वारल्या. निकाल त्यांनी पाहिला नाही.

औषध हाताशी असले म्हणून काम भागत नाही. रक्त अधिक जात आहे हे कोणाच्या तरी ध्यानात आले पाहिजे. आणि येथे मनुष्याचे डोळे दगा देतात. कापडात मुरलेले, जमिनीवर पसरलेले, पाण्यात मिसळलेले रक्त किती हे नुसत्या पाहण्याने सांगता येत नाही. आमच्या शेजारच्या बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह ह्यावर एक साधे साधन तयार केले: बाळंतिणीच्या खाली घालावयाचे प्लॅस्टिकचे कापड, त्यास खाली निमुळती पिशवी, आणि पिशवीवर मापाच्या रेघा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत असे आढळले की, अनुभवी माणसांचा नजरअंदाज ह्या पिशवीच्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरतो. पुढे २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांचा एक निकाल आला. अशी मापाची पिशवी वापरून रक्तस्राव लौकर ओळखला, आणि गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन व तपासणी हे सर्व उपचार एकामागून एक न करिता एकदमच सुरू केले, तर भारी रक्तस्राव आणि त्यातून ओढवणारे मोठे अनर्थ मिळून शेकडा ४.३ वरून १.६ वर येतात. रेघा काढलेली पिशवी! मोठ्या यंत्रांच्या ह्या युगात आम्हांस ह्या पिशवीचे फार कौतुक वाटते.

इतके वाचून कोणी असे समजू नये की, कोठूनही रक्त आले की हे औषध द्यावे. आतड्यांतील व जठरातील रक्तस्रावासाठी त्याची पारख १५ देशांतील १२ हजार रुग्णांवर झाली, आणि २०२० साली उत्तर आले की मृत्यूंत काही फरक पडत नाही. उलट शिरांत नको तेथे गुठळ्या होण्याचे प्रमाण दुप्पट झाले. रक्तक्षीण बाळंतिणींस रक्तस्राव होण्यापूर्वीच दिले तर तो टळेल काय, हेही पाहण्यात आले. २०२३ च्या निकालाप्रमाणे तो टळत नाही. घोणस चावल्यावर हिरड्यांतून रक्त येते तेव्हा तर ह्या औषधाचा विचारही चुकीचा. तेथे विषाने फायब्रिनोजेनच संपवून टाकलेले असते, राखावयास बांधच उरलेला नसतो. त्यावर प्रतिविष हेच औषध.

आणखी एक गोष्ट आम्ही स्पष्टपणे लिहितो. चेहऱ्यावरील वांग जावा म्हणून ह्याच औषधाच्या गोळ्या घेण्याची चाल अलीकडे पडली आहे. त्वचारोगाचे डॉक्टर नीट चौकशी करून त्या देतात हे खरे. परंतु मैत्रिणीने सांगितले म्हणून दुकानातून आणून महिनोन्महिने त्या खाणे हा अविचार होय. ज्यांच्या पायाच्या शिरेत अथवा फुफ्फुसात पूर्वी गुठळी झाली आहे त्यांस हे औषध वर्ज्य आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा उतरवावी लागते. संततिनियमनाच्या गोळ्या चालू असल्यास तसे डॉक्टरांस सांगावे लागते.

राहिला प्रश्न मासिक पाळीच्या अतिस्रावाचा. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील स्त्री आमच्या वाचकांस ठाऊक आहे. बारा वर्षे ती रक्तस्रावाने पीडलेली होती, पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने हाल सोसले, जवळ होते नव्हते ते खर्च केले, आणि दुखणे बळावतच गेले. ती गर्दीतून, मागून, कोणास न कळेल अशी आली. हे लपणे आमच्या घरांतून अद्याप गेलेले नाही. मुलगी दर महिन्यास पांढरी फटक पडते, जिना चढताना धापते, वर्गात तिचे लक्ष लागत नाही. आणि घरी म्हणतात, बायकांचे हे असेच चालावयाचे. फिनलंडच्या ऑलंड बेटांवरील एका मुलीची हकीकत येथे सांगितली पाहिजे. ती पाच वर्षांची असताना, १९२४ साली, एरिक फॉन विलेब्रँड नावाच्या डॉक्टरांनी तिला तपासले. तिच्या घराण्यात रक्तस्रावाचा विकार होता. तिच्यावरून व तिच्या आप्तांवरून त्यांनी १९२६ साली एका नव्या विकाराचे वर्णन केले, आणि त्या विकारास पुढे त्यांचेच नाव मिळाले. ती मुलगी मात्र तेराव्या वर्षी, आपल्या चौथ्या मासिक पाळीत, रक्तस्रावाने मरण पावली.

तो विकार आज तपासणीने ओळखता येतो व त्यावर उपचारही आहेत; ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड त्यांपैकी एक होय. ज्या मुलीस पहिल्या पाळीपासूनच फार स्राव होतो, तासा-दोन तासांत कापड अथवा पॅड भिजून जाते, मोठाल्या गुठळ्या पडतात, सात दिवसांहून अधिक दिवस चालते, त्यातही जिच्या नाकातून वरचेवर रक्त येते किंवा उगीच अंगावर निळे डाग उमटतात, तिच्या आईने तिला डॉक्टरांकडे न्यावे. गोळ्या द्यावयाच्या झाल्यास त्या स्रावाच्या दिवसांपुरत्याच देतात, आणि त्यांनी स्राव निम्म्याच्या जवळपास उतरतो. गेलेल्या रक्ताची भरपाई त्या करीत नाहीत. त्यासाठी लोहाच्या गोळ्या निराळ्या घ्याव्या लागतात. वडिलांनीही ह्या गोष्टीत संकोच करू नये. दवाखान्याचा खर्च आणि गाडीभाडे बहुधा त्यांच्याच खिशातून निघते.

शेवटी, औषध मिळेपर्यंत घरात किंवा रस्त्यावर काय करावे? बांध घालावयास शरीरास सवड द्यावी. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरावी, आणि घड्याळाकडे पाहून दहा मिनिटे हात काढू नये. रक्त थांबले की काय हे पाहण्यासाठी दर मिनिटास कापड उचलण्याची जी खोड आपणां सर्वांस असते, तिने नुकतेच विणलेले जाळे प्रत्येक वेळी उखडते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. काच किंवा सळई रुतली असल्यास उपटू नये, तिच्या दोन्ही अंगांनी दाबावे. हळद, कॉफीची पूड, माती असले काही मोठ्या जखमेत भरू नये. नाकातून रक्त आल्यास मुलास आडवे करून डोके मागे टाकावयास लावितात, ते चुकीचे. त्यास बसवून किंचित पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहापंधरा मिनिटे चिमटीत धरावा. दाबूनही रक्त थांबत नसेल, अथवा बाळंतिणीचा स्राव वाढत असेल, तर विचारविनिमय न करिता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. आणि दुखापत किती वाजता झाली, अथवा मूल किती वाजता जन्मले, ते एका चिठ्ठीवर लिहून रुग्णाबरोबर द्यावे. कारण डॉक्टर ते तीन तास तेथून मोजणार आहेत.